पोराच्या हातावर काय ठेवायचं?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, रानातनं येऊन जरा टेकलेल्या, सगळ्यांना नमस्कार. घरातल्या आज्यांनाही हाक मारा. आजचं निम्मं बोलणं त्यांच्याशीच आहे.

आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. एसटीतून उतरून तो घराकडे वळला की पोरांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नसतं, पिशवीकडे असतं. आम्ही लहान असताना त्या पिशवीत जत्रेची शेव-रेवडी असायची, नाहीतर बोरं, उसाचं कांडं, भुईमुगाच्या शेंगा. मामा आला तर केळ्याची फणी. तेही महिन्या-दोन महिन्यातून एकदा. आता पाहुणा मोटारसायकलवर येतो, आठवड्यातून दोनदा येतो, आणि त्याच्या पिशवीत चकचकीत पाकिटांची माळच असते. पोराच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत तीच आहे. हातावर पडतं ते मात्र बदललं आहे, आणि हा बदल आपल्या लक्षातच आला नाही. निदान आमच्या तरी आला नव्हता.

दुसऱ्या कुणाचं सांगण्याआधी आमच्याच घरातलं सांगतो. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा दहा वर्षांचा आहे. घरात त्याला कुणी नावाने हाक मारत नाही, पैलवान म्हणतात. बारशापासून तेच. जन्मला तेव्हा अडीच किलोही नव्हता. घरात काळजी होती, म्हणून त्याला चांगला धष्टपुष्ट करायचा असं सगळ्यांनी मनावर घेतलं आणि केलाही. सहा महिन्यांचा झाला तसं चहात बुडवलेलं बिस्कीट सुरू झालं, वर्षाचा झाल्यावर डब्यातली पावडर घातलेलं गोड दूध. गालाला हात लावून येणारीजाणारी म्हणायची, "काय गुटगुटीत पोरगं आहे!" आणि जाऊबाईंच्या तोंडावर समाधान दिसायचं. सुनेची परीक्षा पोराच्या गालावरून होते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मागच्या वर्षी शाळेत तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे पथक शाळेत वर्षातून एकदा येतं आणि अंगणवाडीत दोनदा. त्यांनी पैलवानाला काट्यावर उभं केलं. ५१ किलो. त्याच्या वर्गातली बाकीची पोरं तिशीच्या आगेमागे. डॉक्टरीणबाईंनी उंची मोजली, कार्डावर लिहिलं आणि पालकांना ग्रामीण रुग्णालयात यायला सांगा म्हणाल्या. ते कार्ड घरी आलं तेव्हा भाऊजी हसले. "पैलवानाचं वजन भरणारच की!" सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पोराला उंबऱ्यात बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काट्यावर घातलं म्हणून नजर लागली, असं त्यांचं म्हणणं. कार्ड देव्हाऱ्यामागे गेलं.

आम्ही तेव्हा गप्प बसलो. गावोगावच्या गटांत आहारावर बोलणारे आम्ही, स्वतःच्या घरात गप्प. थोरल्या जावेच्या पोराबद्दल धाकटीने बोलायचं कसं, हा प्रश्न तुमच्यातल्या कितीजणींना पडला असेल ते आम्हाला ठाऊक आहे.

बोलायची वेळ नंतर आली. शाळेत खेळांचे दिवस होते आणि पोरगं पोट दुखतंय म्हणून तीन दिवस घरी बसलं. चौथ्या दिवशी गोठ्यात रडताना सापडलं. पोरं त्याला भोपळा म्हणत होती. कबड्डीत कुणी घेत नव्हतं. ज्या अंगाचं घरात कौतुक, त्याच अंगाची शाळेत चेष्टा. दहा वर्षांच्या पोराने यातलं खरं कुठलं मानायचं?

आता आमची चूक सांगतो. त्या संध्याकाळी आम्ही आणि जाऊबाईंनी ठरवलं की उद्यापासून पैलवानाचं गोडधोड आणि पाकिटं बंद. फक्त त्याची. बाकीची तीन पोरं समोर बसून खाणार आणि हा बघणार. आठवड्यात कडब्याच्या गंजीमागे रिकामी पाकिटं सापडू लागली. काही त्याने मित्रांकडून मिळवलेली, आणि बरीचशी आत्याबाईंनी पदराआड दिलेली.

आम्ही चिडलो. जाऊबाई तर फारच. "आत्याबाई, तुम्हीच असं केलंत तर कसं व्हायचं?" असं त्या जरा मोठ्याने बोलल्या. आत्याबाई बराच वेळ चुलीकडे बघत बसल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. म्हणजे आज पैलवान आहे तेवढ्याच. आपला माण तालुका, पाऊस नाही, जनावरं विकलेली. आई-बाप खडी फोडायला दुष्काळी कामावर. कामावर सुकडी मिळायची, ती आई स्वतः न खाता फडक्यात बांधून पोरांना आणायची. रेशनवर परदेशातला तांबडा मिलो यायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. तो त्या उन्हाळ्यात गेला. "कशानं गेला कुणी इचारलं नाय," आत्याबाई म्हणाल्या. "पर जाताना खायाला मागत होता. आता माझ्या घरात हाय, पोरगं मागतंय, आन् मी नाय म्हणू व्हय?"

यावर काय बोलणार? जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी आम्हाला कळलं की पोराला खाऊ घालणाऱ्या आजीला अडाणी म्हणून चालायचं नाही. भूक कशी असते हे घरात तिलाच तेवढं ठाऊक असतं.

आपल्या खाण्यापिण्याच्या रीती बघा. ताटात उष्टं टाकायचं नाही. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. पोरगं अंगाने भरलेलं बरं, म्हणजे आजारपणात, टंचाईत तग धरेल. सणाला पोटभर गोड. या सगळ्या रीती टंचाईतून आल्या आहेत आणि त्या काळाला त्या बरोबर होत्या. सण वर्षातून मोजके होते. गूळ डब्यात जपून ठेवलेला असायचा. आणि ताटातलं संपवणारं पोर दिवसभर शेरडं राखायचं, विहिरीवरून पाणी आणायचं, शाळेला तीन-तीन किलोमीटर चालत जायचं. आज पाणी नळाला येतं, पोरगं वडापच्या जीपने शाळेत जातं, घरी आल्यावर मोबाईल घेऊन बाजेवर पडतं, आणि सणाचं गोड रोज पाच रुपयाला मिळतं.

खुराकाचंच घ्या. आपला भाग कुस्तीचा. गावात तालीम, जत्रेत फड, नारळावरच्या कुस्त्यांपासून मोठ्या बक्षिसापर्यंत सगळं आपण बघत आलो. पैलवानाला दूध, तूप, बदामाची थंडाई लागते हे बरोबर आहे. पण तो पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, तांबड्या मातीत लोळतो, हौद्यातली माती खोऱ्याने उकरतो. आमच्या पैलवानाने तालमीचा उंबरा पाहिला नव्हता. खुराक पैलवानाचा आणि मेहनत अंगठ्याची, मोबाईलवर! आम्ही हे बोललो तेव्हा भाऊजींना हसू आलं, पण या वेळचं हसू वेगळं होतं.

मुलींचं मात्र उलटं असतं, तेही सांगून टाकतो. त्याच घरात त्याच्या बहिणीला, ती बारा वर्षांची आहे, "जास्त खाऊ नको, लग्नात जाड दिसशील" असं सांगितलं जातं. दूध आधी त्याला, उरलं तर तिला. तिच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे एका चुलीवर शिजलेलं खाऊन एक पोर जादा आणि एक पोर उणं.

गावाचंही तसंच आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे पोरं वाळलेली आहेत आणि ही बाई जाडीचं काय घेऊन बसली? बरोबर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. हे मोठंच दुखणं आहे. पण त्याच सर्वेक्षणात देशभरात वजन जास्त असलेल्या लहान मुलांचं प्रमाण आधीच्या वेळच्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. आकडा लहान आहे, पण चढतो आहे. आणि आम्हाला अंगणवाडीत दिसतं ते असं की वाळलेलं पोर आणि फुगलेलं पोर, दोघांच्या हातात पाकीट एकच असतं. वाळलेलं पोर एक पाकीट खातं, तेवढ्याने त्याची भूक मरते आणि भाकरी, डाळ, भाजी राहून जाते. फुगलेलं पोर चार खातं, आणि वर जेवतंही. दोघांच्याही पोटात तेल, मैदा, मीठ आणि साखर. वाढीला लागतं ते कमीच.

आपल्या जवळचीच एक गोष्ट आहे, ती माहीत असलेली बरी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने तेवढीच, असं आढळलं. म्हणजे बारीक बाळ, पण आतून चरबीचं. अशा बाळाला पुढे झपाट्याने फुगवलं तर मोठेपणी साखरेच्या आजाराचा धोका वाढतो. आमचा पैलवान अडीच किलोच्या आतला होता हे आम्ही वर सांगितलंच. त्याला गुटगुटीत करायची जी घाई केली, ती नेमकी नको होती. हळूहळू, उंचीबरोबर वाढायला हवा होता.

त्याच अभ्यासातलं आणखी एक. ज्या बायांच्या खाण्यात गरोदरपणी पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा आलं, त्यांची बाळं जन्मताना भरलेली होती. आता विचार करा, आपण जेवतो कधी? सगळ्यांचं झाल्यावर, खरवडून. भाजी उरली तर उरली, नाहीतर चटणी-भाकरी. पोटुशी सून शेवटी जेवते, तिचं बाळ बारीक जन्मतं, आणि मग ते बारीक म्हणून आपण त्याला बिस्किटांनी फुगवायला बसतो. पोराच्या हातावर काय ठेवायचं याची सुरुवात त्याच्या आईच्या ताटापासून आहे, हे आम्हाला हे वाचल्यावर पटलं.

बरं, गटात आम्ही काय केलं ते सांगतो. आपल्याला गटवाल्यांना एक गोष्ट चांगली येते, वही लिहिणं. आमच्या दहा जणींच्या एका गटाने ठरवलं की बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर महिनाभर पाकिटांचा हिशेब लिहायचा. घरात आलेलं प्रत्येक पाकीट, आणणारा कोण, किंमत किती. ओरडायचं नाही, बंद करायचं नाही, फक्त लिहायचं. महिन्याने बैठकीत वह्या उघडल्या. काही घरांत एका पोरामागे रोज पाच रुपयांची तीन पाकिटं. म्हणजे दिवसाला १५ आणि महिन्याला ४५० रुपये. आपली महिन्याची बचत १०० रुपये, आणि तिच्यासाठी आपण किती कुरकुर करतो! एक मावशी बोटं मोजत म्हणाली, "अगं, सात रुपयाला अंडं धरलं तर चौसष्ट अंडी झाली की!" पुढची पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

दुसरं जे वहीतून निघालं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं. पाकिटं आणणाऱ्यांत आया फार थोड्या होत्या. आजोबा पारावरून येताना, चुलता डेअरीला दूध घालून येताना, बाप रात्री उशिरा येताना, आत्या माहेरी येताना. प्रत्येकाने एकच पाकीट आणलेलं असतं आणि प्रत्येकाचं ते प्रेमाचंच असतं. पोराच्या पोटात मात्र सगळ्यांचं प्रेम एकाच दिवशी जातं. म्हणून आईला एकटीला धरून बोलण्यात अर्थ नाही. आमच्या घरात तेच चुकलं होतं.

त्याच बैठकीत आम्ही साखरेचा प्रयोग केला. तुम्हीही करा, खर्च काही नाही. पाकिटामागे बारीक अक्षरात शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते छापलेलं असतं. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. पाच ग्रॅमला एक चमचा धरा आणि तेवढी साखर काचेच्या ग्लासात टाका. अडीचशे मिलीच्या थंड पेयाच्या बाटलीला पाच चमच्यांच्या वर साखर पडते. क्रीमच्या बिस्किटांना शंभर ग्रॅमला सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या विसाव्या हिश्शाइतकीच वरची साखर असलेली उत्तम. दहा वर्षांच्या पोराला ते साधारण पाच चमचे होतात, आणि त्यात चहातली साखरही आली. ग्लास हातोहात फिरला. एका आजीने तो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "एवढी तर मी पुरणाला बी घालत न्हाय." पुरणाला घालते गं आजी, पण ते सणाला! आणि गूळ चालतो असं कुणी समजू नका. गुळाला आपल्याकडे मान आहे, पण अंगात गेल्यावर तो साखरेचंच काम करतो.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या गटातली एक सदस्य आहे, तिचं शाळेजवळ छोटं दुकान आहे. नवऱ्याच्या कमरेला मार लागल्यापासून घर त्या दुकानावर चालतं. दुकानासाठी ३० हजारांचं कर्ज गटानेच दिलेलं, ठरावावर सह्या आपल्याच. आणि दुकानात सर्वांत जास्त खपतं काय, तर पोरांची पाकिटं. बैठकीत ग्लास फिरत असताना ती खाली मान घालून बसली होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही सगळ्याजणी वह्या लिहा. माझा हप्ता कोण लिहिणार?"

नियम आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमात आहे. तिचं दुकान फाटकापासून चाळीस पावलांवर. दोघीजणी म्हणाल्या, ग्रामसभेत अर्ज देऊन बंद करून टाकू. आमचं मत तसं नव्हतं आणि अजूनही नाही. नियम बरोबर आहे, तो पाळलाच पाहिजे. पण कर्ज देताना आपण डोळे झाकले, आणि आता तिच्या एकटीच्या पोटावर नियम लावायचा, हे गटाला शोभत नाही. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं की सहा महिने तिच्याकडून फक्त व्याज घ्यायचं, मुद्दल थांबवायचं. तेवढ्यात तिने पोरांच्या पाकिटांच्या माळा काढायच्या आणि दुसरा माल लावून बघायचा. भाजके शेंगदाणे, फुटाणे, केळी, उकडलेली अंडी, हंगामात बोरं, पेरू, ओली शेंग. शेंगदाणे आणि फुटाणे गटातल्याच दोघी भाजून पुड्या बांधून देतात. वह्या, पेन, कंगवे, साबण हा मालही वाढवला. पहिले दोन महिने गल्ला बराच खाली आला. पोरं पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागली. ती रडली, आमच्यावर रागावलीही. मग शिक्षकांनी पालकसभेत मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर सोडायचं नाही असं ठरवलं, आणि जरा फरक पडला. अंडी खपतात. केळी वाळून जातात. पूर्वीइतका गल्ला अजून होत नाही, हे खोटं कशाला सांगू.

आपल्याच गटांची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. प्रदर्शनांत आम्ही बाजरी-ज्वारीचं पीठ, हुलगा, मटकी घेऊन बसलो. शहरातल्या बाया रांगा लावून न्यायच्या, "आमच्या मुलांना भाकरीची सवय लावायची आहे" म्हणायच्या. आणि आमच्या गावात पोरगी डब्यात भाकरी नको म्हणून रडते, कारण वर्गात हसतात. भाकरी म्हणजे गरिबाची, चपाती म्हणजे पाहुण्याची आणि बिस्कीट म्हणजे साहेबाचं, हे तिला शिकवलं कुणी? आपणच. पाहुणा आला की भाकरी झाकून ठेवतो आणि चपात्या लाटायला घेतो.

आता घरातलं पुढचं. आम्ही पैलवानाला आणि जाऊबाईंना घेऊन रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी आधी थायरॉइड वगैरे काही नाही ना हे तपासलं. मग सांगितलं ते ऐकून आम्हाला बरं वाटलं. पोराला उपाशी ठेवायचं नाही, मोठ्यांसारखं वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही. वाढीचं वय आहे. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली की अंग आपोआप जाग्यावर येतं. रोज तासभर दम लागेल असं खेळणं, वेळेवर झोप, आणि घरात सगळ्यांचं खाणं एक. त्याच्यासाठी वेगळं ताट नाही. आणि त्याला नावं ठेवायची नाहीत, गमतीनेही नाही. तुमच्या घरात असं पोर असेल तर तुम्हीही मनानेच काही करू नका. वजन उंचीच्या मानाने जास्त आहे का, हे आशाताईला विचारून, डॉक्टरांना दाखवूनच ठरवा.

घरी येऊन आम्ही यावेळी शहाणपणा केला. आत्याबाईंपुढे बसलो आणि म्हणालो, "नाही म्हणायचं काम आमच्याकडे द्या. तुम्ही फक्त काय द्यायचं ते ठरवा." त्यांना आधी खरं वाटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी हुलगे निवडायला घेतले. हुलग्याचं माडगं आमच्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पोरांनी पहिल्या दिवशी तोंडं वेडीवाकडी केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटी पुढे आली. ज्वारीच्या लाह्या आपण फक्त नागपंचमीला करतो, त्या आता महिन्यातून दोनदा होतात, तिखट-मीठ लावून डब्यात. मोडाची मटकी, शेंगोळे, ताक. चहा पोरांचा बंद केला, मोठ्यांनीही पोरांसमोर बशीत बिस्कीट बुडवणं बंद केलं. भाऊजींना ते फार जड गेलं!

ताटात टाकायचं नाही ही रीत मोडली नाही. पहिल्यांदा वाढतानाच कमी वाढतो, मागितलं तर पुन्हा वाढतो. पूर्वी पहिल्या वाढीलाच दोन भाकऱ्या आणि भाताचा डोंगर पडायचा आणि पोट भरलेलं पोर तो संपवत बसायचं. दूध आता दोघा भावंडांना सारखं, पावडरीशिवाय. पोरीच्या ताटात अंडं आणि पालेभाजी आधी पडते. जाऊबाई आणि आम्हीही आता पोरांबरोबरच बसतो. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं झालं, सासरे दारात येऊन परत गेले.

संध्याकाळी पैलवान तालमीत जातो. वस्तादांनी त्याला आधी नुसती माती उकरायला लावली. महिनाभर तेच. पण तिथे त्याला कुणी भोपळा म्हणत नाही.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात पुन्हा वजन केलं, ५० भरलं, आणि उंची दीड इंच वाढली होती. बाजाराच्या दिवशी त्याला एक पाकीट मिळतं, तो ते बहिणीबरोबर वाटून खातो, आणि ते आम्ही मोडत नाही.

दिवाळीत आत्याबाईंचा भाचा आला, नेहमीसारखी पाकिटांची पिशवी घेऊन. पोरं धावली. आत्याबाईंनी पिशवी हातात घेतली, आत काय आहे ते बघितलं आणि कोनाड्यात वर ठेवून दिली. मग ओच्यातली शेंगांची मूठ काढून एकेकाच्या हातावर ठेवली. भाच्याला म्हणाल्या, "पुढच्या खेपंला येताना पेरू आण. तुझ्या बांधावर हायेत न्हवं?"